रेघ ओढण्यापूर्वी

नगराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, नकाशे भिंतीवर लागतात, हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते आणि मग सुनावणी होते. थोड्याफार फरकाने हा क्रम जगात अनेक ठिकाणी सारखाच आहे. त्याविषयी माझी तक्रार एकच आहे, पण ती मुळाशी जाणारी आहे. लोकांना बोलावले जाते तेव्हा रेघा ओढून झालेल्या असतात. रस्ता कुठून जाणार, शाळेसाठी कोणती जागा राखीव राहणार, वस्ती कोणत्या दिशेने वाढणार हे ठरलेले असते, आणि नागरिकाच्या वाट्याला फक्त हरकत उरते. हरकत घेणारा माणूस साहजिकच आपल्या भूखंडापुरते आणि आपल्या दारासमोरच्या रस्त्यापुरते बोलतो. मग त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले जाते की लोकांना व्यापक हित कळत नाही. व्यापक हिताचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते.

ही रेघ म्हणजे नेमके काय, हे एकदा जवळून पाहायला हवे. समजा, नकाशा एकास पाच हजार या प्रमाणात काढलेला आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पन्नास मीटर भरतो. वीस मीटर रुंदीचा रस्ता या कागदावर चार मिलिमीटरचा दिसतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर अडीच मीटर जागा व्यापते. अडीच मीटर म्हणजे एखाद्या लहान घराची पुढची खोली. आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर ही रेघ किंचित इकडे किंवा तिकडे सरकली तर नकाशाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, पण त्या खोलीत राहणाऱ्याच्या दृष्टीने सगळेच बदलते. शिवाय बहुतेकांना हा नकाशा वाचता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पिवळा म्हणजे निवासी, जांभळा म्हणजे औद्योगिक, हिरवा म्हणजे मोकळी जागा ही खूण एकदा सांगितली की कळते. पण आपले घर, कोपऱ्यावरचे झाड आणि ज्या बोळातून आपण रोज जातो तो बोळ त्या रंगांत कुठे आहे, हे शोधायला कोणीतरी शेजारी बसून मदत करावी लागते. ज्या बैठकीत पहिला अर्धा तास प्रत्येकाला नकाशावर स्वतःचे घर शोधून देण्यासाठी राखलेला असतो, त्या बैठकीतले पुढचे बोलणे किती वेगळे होते, हे ज्यांनी अशी बैठक घेतली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आधी पाहणी, मग आराखडा, हा आग्रह काही नवा नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धरला होता. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढची काही वर्षे येथील अनेक नगरांचे अहवाल त्यांनी लिहिले. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचा आणि वाटेत येणारी घरे पाडायची, ही त्या काळी सुधारणेची सर्वमान्य रीत होती. गेडिस गल्लीगल्लीतून पायी हिंडत, कोणते घर खरोखर राहण्याजोगे उरलेले नाही आणि कोणते थोड्या दुरुस्तीने सावरेल हे पाहत, आणि मोजकी पडकी घरे काढून त्यांच्या जागी चौक, झाडे व हवा खेळेल अशी मोकळी जागा सुचवत. शस्त्रक्रिया करायचीच तर देह वाचवणारी करावी, असा त्यांचा विचार होता. खर्च कमी येई आणि फार थोडी माणसे विस्थापित होत. गेडिस यांनी लोकांच्या सभा घेऊन सगळे ठरवले असा दावा मी करणार नाही, पण तिथे राहणाऱ्याचे जगणे हीच आराखड्याची पहिली नोंद असली पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिले. आज उपग्रहाची छायाचित्रे, ड्रोन आणि संगणकीय नकाशे हाताशी असताना ही पायी पाहणी जुनाट वाटू शकते. माझ्या मते तिची गरज उलट वाढली आहे, कारण वरून टिपलेले चित्र इतके स्पष्ट असते की त्यात काय दिसत नाही याचा विसर पडतो.

काय दिसत नाही? पाऊस थांबल्यावर पाणी कुठे साचते आणि किती वेळ साचते, हे उंचसखलपणाच्या नकाशावरून अंदाजाने कळते. पण पूर्वी तसे होत नव्हते आणि वरच्या अंगाला भराव पडल्यापासून होऊ लागले, हे तिथे राहणाराच सांगतो. शाळा सुटल्यावर मुले चौकातून न जाता दोन इमारतींमधल्या फटीतून पलीकडे जातात, म्हणून पादचारी मार्ग चौकात काढून उपयोग नाही, हे मुलांना विचारल्याशिवाय कळत नाही. एखादी वाट दिवसा गजबजलेली असते आणि दिवे लागल्यावर बायका ती टाळतात. एखादा बाक रिकामा दिसतो, कारण त्याच्यावर दुपारभर ऊन असते. वीस पावलांवरच्या कट्ट्यावर मात्र म्हातारी माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतील, पण पुढच्या वीस वर्षांचा आराखडा म्हणजे अशा हजारो गोष्टी जुळवण्याचाच उद्योग आहे, आणि त्यांची माहिती कोणत्याही कार्यालयाच्या कपाटात आयती मिळत नाही.

लोकसहभाग हा शब्द मात्र आज इतका सैल वापरला जातो की त्याखाली काहीही खपते. अमेरिकेच्या शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये एका लेखात सहभागाच्या आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती आजही कामाची आहे. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना केवळ वळवले किंवा समजावले जाते. मधल्या तिन्हींवर त्यांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते आणि एखादे पद देऊन त्यांचे समाधान केले जाते. निर्णय मात्र दुसरीकडेच होतो. भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण या वरच्या तीन पायऱ्यांवरच सत्तेचा काही वाटा हलतो. अर्न्स्टीन यांनी सरकारच्या नागरी कार्यक्रमांत काम केले होते, त्यामुळे ही शिडी आतल्या अनुभवातून आलेली आहे. प्रत्येक प्रश्नावर आठव्या पायरीवरच पोचले पाहिजे असे मला वाटत नाही. पाण्याच्या मुख्य जलवाहिनीचा व्यास सभेने ठरवू नये. पण आपण लोकांना कोणत्या पायरीवर उभे करत आहोत, हे बोलावणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. मत विचारायचे असेल तर मत विचारतो असे म्हणावे, निर्णयात वाटा देतो असे भासवू नये. लोक थकतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत, याचे मोठे कारण हा भास आहे.

दार उघडले गेले नाही तर लोक ते ढकलतात, याचीही उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून वाहनांचा रस्ता वाढवण्याचा घाट त्या शहराच्या सार्वजनिक बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी घातला, तेव्हा १९५२ मध्ये शर्ली हेज या चार मुलांच्या आईने शेजाऱ्यांना जमवून विरोध सुरू केला. तडजोड म्हणून अरुंद रस्ता मान्य करावा असे सुचवणारे बरेच होते. हेज यांनी उलट मागणी केली की उद्यानातून मोटारी मुळातच जाऊ नयेत. पुढे शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्यासारखी माणसे त्यांना मिळाली, १९५८ मध्ये प्रायोगिक बंदी आली आणि १९५९ मध्ये ती कायम झाली. आसपासचे रस्ते कोंडतील अशी जी भीती घातली गेली होती, ती खरी ठरली नाही. या लढ्याबद्दल मला अपार आदर आहे. पण एका रस्त्यासाठी सामान्य माणसांना सात वर्षे झगडावे लागणे ही नियोजनाची रीत असू शकत नाही. जी वस्ती इतकी वर्षे लढू शकत नाही, जिथे माणसे दोन पाळ्यांत काम करतात आणि अर्ज लिहायला कोणी नसते, तिथे रस्ता होऊनच जातो.

याउलट, सुरुवातीपासून लोक आत असतील तर काय घडते, हे जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या वॉबां या भागात पाहायला मिळते. १९९२ मध्ये फ्रेंच सैन्याने तिथली छावणी सोडली आणि सुमारे चाळीस हेक्टर जागा मोकळी झाली. नव्या वस्तीत राहायला कोण येणार हेही तेव्हा ठरलेले नव्हते, आणि नव्या जागेच्या नियोजनातली हीच खरी अडचण असते: ज्यांच्यासाठी आराखडा करायचा ती माणसे अजून तिथे नसतात. तिथे राहू इच्छिणाऱ्या लोकांनी फोरम वॉबां नावाची संस्था काढली आणि नगरपालिकेने लोकसहभागाचे काम अधिकृतपणे तिच्याकडे दिले. नियोजन करता करता शिकायचे, हे तत्त्व पालिकेने मान्य केले होते, म्हणजे आराखडा बदलण्याची मुभा आधीपासूनच ठेवली होती. मोटारी घरासमोर उभ्या न करता वस्तीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळांत ठेवाव्यात, हा विचार याच चर्चांतून बळकट झाला. काही कुटुंबांनी गट करून आपली इमारत एकत्र बांधली, त्यामुळे घरात जाण्यापूर्वीच शेजार तयार झाला. आज तिथे पाच हजारांहून अधिक लोक राहतात. सगळीकडे वॉबां उभे करता येईल असे नाही, कारण जमीन नगरपालिकेच्या हातात होती आणि ही सोय क्वचितच मिळते. तरीही भावी रहिवाशांना शोधून, एकत्र बसवून विचारता येते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. सभा बोलावली तर येते कोण? बोस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सुमारे शंभर नगरांच्या नियोजन सभांची इतिवृत्ते तपासली, तेव्हा बोलणाऱ्यांत वयस्क, पुरुष, दीर्घकाळचे रहिवासी आणि घरमालक यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त आढळले, आणि नव्या घरांना विरोध करणाऱ्यांचे पारडे फार जड निघाले. हे वाचून लोकसहभागावरचा विश्वास उडण्याचे कारण नाही, पण खुली सभा म्हणजे लोक, हे समीकरण मात्र सोडले पाहिजे. भाडेकरू, नुकतेच आलेले कामगार, तरुण, लहान मुलांच्या आया, अपंग व्यक्ती यांच्यासाठी सभेचे दार उघडे ठेवणे पुरत नाही. त्यांच्याकडे जावे लागते. कामाच्या पाळीनंतर, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या फाटकापाशी. सभेची वेळ, मुले सांभाळण्याची सोय, व्हीलचेअर आत जाईल असे दार, सोप्या भाषेतला कागद या बाबी आयोजनाचा तपशील म्हणून शेवटी ढकलल्या जातात, पण कोणाचा आवाज नोंदला जाणार हे त्याच ठरवतात.

दुसरा उपाय चिठ्ठ्या टाकून निवड करण्याचा आहे, आणि तो मला दिवसेंदिवस अधिक पटत चालला आहे. मेलबर्न नगर परिषदेने २०१४ मध्ये दहा वर्षांच्या आर्थिक योजनेसाठी ४३ जणांचे मंडळ अशा यादृच्छिक निवडीने बनवले. वय, लिंग, मालक की भाडेकरू, रहिवासी की व्यावसायिक यांचे प्रमाण राखले होते. त्यांना परिषदेचे हिशेब खुले करण्यात आले, तज्ज्ञांना बोलावून प्रश्न विचारण्याची मुभा दिली गेली आणि काही महिन्यांत ही माणसे अनेकदा एकत्र बसली. त्यांनी ज्या शिफारसी केल्या त्यांत मालमत्ताकर वाढवण्याचीही शिफारस होती, आणि परिषदेने बहुतेक शिफारसी स्वीकारल्या. लोकांना फक्त सवलती हव्या असतात, ही समजूत ज्यांची आहे त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. पूर्ण माहिती आणि पुरेसा वेळ मिळाला तर माणसे जबाबदारी घेतात. तीन मिनिटांच्या भाषणासाठी रांगेत उभे केले तर ती फक्त ओरडू शकतात.

लोकमत आणि दूरचा विचार यांत ताण असतो, हे मी नाकारत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये आपला मध्यभाग चार विभागांत वाटला आणि मोटारीने एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येणार नाही अशी व्यवस्था केली. दुकानदारांनी त्याला कडाडून विरोध केला होता. त्या दिवशी कौल घेतला असता तर योजना कदाचित टिकली नसती, आणि आज हेच शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाते. मग सहभागाचे काय? माझे मत असे आहे की नगराला कोणत्या दिशेने जायचे आहे हे ठरवण्यात लोकांचा वाटा निर्णायक असावा, आणि त्या दिशेने जाण्यासाठी जे कटू निर्णय घ्यावे लागतात ते निवडून आलेल्यांनी आपल्या नावावर, कारणे देऊन घ्यावेत. नको असलेल्या निर्णयाची जबाबदारी सभेवर ढकलणे आणि हवा असलेला निर्णय सभेला न विचारता घेणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अयोग्य आहेत.

कारणे देणे, या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण इथेच सर्वाधिक विश्वास गमावला जातो. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाने न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. पुढच्या काही महिन्यांत नगर परिषदेने नव्या शहराबद्दल लोकांच्या कल्पना मागवल्या आणि सहा आठवड्यांत एक लाखाहून अधिक कल्पना आल्या. घरे पडलेली, आप्त गमावलेले, तरीही माणसे येऊन सांगत होती की इमारती ठेंगण्या असाव्यात, झाडे असावीत, नदीकाठ लोकांसाठी असावा, चालता यावे. परिषदेने त्यावरून आराखडा केला. नंतर केंद्र सरकारने सूत्रे आपल्या हाती घेतली आणि २०१२ मध्ये स्वतःच्या यंत्रणेकडून शंभर दिवसांत नवा आराखडा करून घेतला. त्यात लोकांच्या कल्पनांपैकी काही उतरल्या, पण स्टेडियम, संमेलन केंद्र यांसारखे मोठे प्रकल्प पुढे आले आणि आपले म्हणणे कुठे गेले हा प्रश्न अनेकांच्या मनात राहिला. एक लाख कल्पना मागवणे तुलनेने सोपे आहे. प्रत्येक प्रकारच्या सूचनेपुढे मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य असे लिहून त्याखाली दोन ओळींत कारण देणे हे कष्टाचे काम आहे, आणि त्यासाठी माणसे व वेळ आधीच राखून ठेवावी लागते. अमान्य झालेली सूचनाही, तिचे कारण पटण्याजोगे असेल तर, माणूस मान्य करतो. उत्तरच न मिळणे तो विसरत नाही.

आणि पैसा. आराखड्यात दाखवलेले उद्यान, दवाखाना, गटार यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर तो आराखडा म्हणजे रंगवलेला कागद राहतो. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून लोकांना थेट अंदाजपत्रकातच आणले. शहराचे सोळा विभाग केले. प्रत्येक विभागात सभा होत, लोक आपल्या गरजांचा क्रम लावत आणि प्रतिनिधी निवडत. निधी वाटताना विभागाची लोकसंख्या, तिथे सेवेची किती उणीव आहे आणि लोकांनी कशाला वरचा क्रम दिला, या तिन्ही निकषांना गुण दिले जात. त्यामुळे जिथे गटार नव्हते तिथे गटाराला आपोआप अधिक वजन मिळे, मोठ्याने बोलणाऱ्याला नव्हे. १९८८ मध्ये सुमारे ७५ टक्के घरांना पाणी व मलनिस्सारणाची जोडणी होती, ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली, असे जागतिक बँकेने नोंदवले आहे. ही सगळी वाढ केवळ सभांमुळे झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण पैसा कुठे जावा हे ठरवण्यात गरीब वस्त्यांचा हात होता आणि तो पैसा तिकडे गेला, एवढे स्पष्ट आहे. २००४ च्या निवडणुकीत सत्ता बदलली, नंतर या प्रक्रियेतला जोर ओसरत गेला आणि २०१७ मध्ये ती थांबवण्यात आली. तिची मुळे राजकीय इच्छाशक्तीत होती, कायद्यात नव्हती.

म्हणून मला इंग्लंडमधली तरतूद लक्षणीय वाटते. तिथे २०११ च्या कायद्याने स्थानिक लोकांना स्वतःच्या परिसराचा आराखडा करण्याचा हक्क दिला. स्वतंत्र परीक्षक तो तपासतो, मग परिसरात मतदान होते, आणि मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार दिला तर आराखड्याला कायदेशीर वजन येते. दुसरे सबळ कारण नसेल तर बांधकामाचे अर्ज त्याला धरूनच निकाली काढावे लागतात. कंब्रिया परगण्यातल्या अपर ईडन या विरळ ग्रामीण भागाने मार्च २०१३ मध्ये असे पहिले मतदान घेतले. तरीही इंग्लंडमधली सुस्थित, शिकलेली, निवृत्त माणसे असलेली गावे या हक्काचा अधिक वापर करतात आणि गरीब नागरी भाग मागे राहतात, कारण आराखडा करायला लागणारा फावला वेळ आणि जाणकार माणसे सगळीकडे सारखी नसतात. हक्क कायद्यात लिहिला तर तो वापरण्याचे बळही सार्वजनिक पैशातून पुरवले पाहिजे: नकाशा वाचून दाखवणारा नगररचनाकार, बैठकांचा खर्च, आणि आराखडा मंजूर झाल्यावर दरवर्षी त्यातले किती झाले व किती राहिले याचा लोकांसमोर ठेवलेला हिशेब. वीस वर्षांचा आराखडा दर पाच वर्षांनी पुन्हा उघडावा, आणि तो उघडताना पुन्हा पाहणीपासूनच सुरुवात करावी, अशी अट मी तर त्याच्या पहिल्याच पानावर घालीन.